हजेरी, हमी आणि ओवाळणी

गेल्या मे महिन्यात महाबळेश्वरला एका चर्चासत्रास जाण्याचा योग आला. योग म्हणायचा तो एवढ्यासाठीच, की आमच्या विभागातील कायम सेवेतल्या कोणालाही जायचे नव्हते आणि माझे नाव पुढे झाले. विषय लोककल्याणकारी राज्याच्या पुनर्विचाराचा होता. दुपारच्या सत्रात एका अभ्यासू वक्त्यांनी आकडेवारी मांडून झाल्यावर चष्मा काढला आणि सभागृहाला सरळ प्रश्न टाकला : धडधाकट माणसाला शासनाने का पोसावे? टाळ्या पडल्या. मी तासिका तत्त्वावर शिकवतो. मे महिन्यात तास नसतात, म्हणून वेतनही नसते. मी टाळी वाजवली नाही हे खरे. पण उठून बोललोही नाही, हेही तितकेच खरे. जे तेव्हा बोलायला हवे होते ते इथे लिहितो आहे. मी साहित्याचा विद्यार्थी. अर्थशास्त्र्याच्या पद्धतीने मला बोलता येणार नाही. मला शब्दांपासून सुरुवात करावी लागेल आणि पुस्तकांवरून जावे लागेल.

पहिला शब्द 'पोसणे'. आपल्या भाषेत मूल पोसतात, जनावर पोसतात, आश्रित पोसतात. पोसणारा वर असतो, पोसला जाणारा खाली. पोसल्या जाणाऱ्याला भूक असते, हक्क नसतो. म्हणजे प्रश्नाच्या क्रियापदातच उत्तर घालून ठेवलेले आहे. प्रश्न असा विचारला की उत्तर 'नाही' असेच यावे, ही सोय भाषेने आधीच करून दिली आहे. गरिबाला शासनाने काही द्यावे की नाही, या वादात आपण बहुधा या क्रियापदाला हातच लावत नाही आणि त्याच्या मागे फरफटत जातो.

ज्या डोंगरावर हा प्रश्न विचारला गेला, त्या डोंगराचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. १८२८ साली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम इथे आला. १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा घेण्यात आली आणि बदल्यात वाईकडचे खंडाळा हे गाव देण्यात आले. कशासाठी? तर गोऱ्या अंमलदारांना आणि आजारी सोल्जरांना थंड हवा मिळावी म्हणून. पुढे मुंबईचे सरकार उन्हाळ्यात आपल्या लवाजम्यासह या डोंगरावर येऊन राहू लागले. इथले सुरुवातीचे रस्ते चीन आणि मलायाकडच्या कैद्यांच्या कष्टांतून झाले. त्यांच्यासाठी इथे तुरुंग होता. बटाटा आणि विलायती भाजीपाला पिकविण्याचे कामही त्यांच्याकडेच होते. त्यांना रोज किती पडतो, हा प्रश्न कोणाला पडण्याचे कारण नव्हते. धडधाकट माणसांना सरकारी खजिन्यातून पोसण्याचे काम आपल्या जिल्ह्यात रीतसर कुठे सुरू झाले असेल, तर ते या गार हवेत. त्याला कोणी फुकट म्हटले नाही. त्याला सॅनिटेरियम म्हटले.

आता या डोंगरावरून पूर्वेला उतरू. महाबळेश्वरला वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कृष्णा, कोयना, वेण्णा इथेच उगम पावतात. त्याच सातारा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला माण आणि खटाव हे तालुके आहेत. तिथे पाचशे मिलिमीटर झाला तरी लोक साल बरे गेले म्हणतात. माझे गाव माणमधले. आमच्याकडे सरकारची ओळख शाळा आणि पोलीस यांच्याही आधी दुष्काळी कामाने होते. शेजारच्या खटाव तालुक्यात, १९०१ च्या सुमारास चाललेल्या अशाच एका दुष्काळी कामाची नोंद मराठी दलित माणसाला सर्वांत जवळच्या एका पुस्तकात आलेली आहे. पण ती आपण वाचून न वाचल्यासारखी करतो.

बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आपण सर्वांनी वाचले आहे. निदान त्यातला गाडीवानाचा प्रसंग तरी प्रत्येकाला ठाऊक आहे. साताऱ्याहून निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरतात. न्यायला कोणी आलेले नसते. ही महारांची मुले आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरतो. गाडीवान गाडी द्यायला तयार होत नाहीत. शेवटी दुप्पट भाडे ठरते आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवानाने बाजूने चालायचे, अशी तडजोड होते. जवळ अन्न आहे, पण रात्रभर प्यायला पाणी मिळत नाही. या प्रसंगावर आपण व्याख्याने दिली, एकांकिका केल्या, पोस्टरे काढली. पण मुले निघाली होती कुठे? वडील रामजी हे कोरेगावला (चरित्रकार गोरेगाव म्हणतात) रोखपाल म्हणून काम करत होते. तिथे मुंबई सरकारने, हजारोंनी मरणाऱ्या दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून, तळे खोदण्याचे काम काढलेले होते. बाबासाहेबांनी हे एका ओघातल्या वाक्यात सांगितले आहे. आपण सारे गाडीवानापाशी थांबतो. तळ्यापर्यंत कोणी जात नाही.

मी मुलांना हा पाठ शिकवताना हल्ली तळ्यापर्यंत जातो. कारण या मजकुराची सगळी वेदना त्या दोन टोकांमध्ये ताणलेली आहे असे मला वाटते. एका टोकाला तळ्यावरचा रोख पैसा आहे. तो सरकारचा आहे, मोजून द्यायचा आहे आणि तो सांभाळणारा हात महाराचा आहे. दुसऱ्या टोकाला वाटेवरचे पाणी आहे. ते गावाचे आहे, ते मोजून द्यायचे नसते आणि महाराला ते द्यायचेच नसते. त्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाने एका रात्रीत या दोन कायद्यांमधला प्रवास केला. पुढे त्याने आयुष्यभर गावाच्या कायद्याविरुद्ध राज्याचा कायदा उभा केला, त्याचे बीज केवळ त्या अपमानातच शोधू नये. त्या तळ्यातही शोधावे. इंग्रज सरकार दयाळू होते असे मला म्हणायचे नाही. याच सरकारने १८७७ च्या आरंभी दुष्काळी कामांवरची मजुरी अशी कापली, की मुंबई इलाख्यात हजारो मजूर काम सोडून चालते झाले. पोट रिकामे असताना केलेला तो संप होता. पोसल्या जाणाऱ्याला संप करता येत नाही. तो मजुरालाच करता येतो. मला म्हणायचे आहे ते इतकेच, की गावाबाहेरून आलेला मोजका पैसा ही दलितांच्या इतिहासातली एक स्वतंत्र घटना आहे. आमच्या समीक्षेने तिच्याकडे पाठ फिरवली आहे.

गावातला पैसा असा नव्हता. गावात पैसाच नव्हता, बलुते होते. बलुते हा हक्क होता असे अजूनही पाठ्यपुस्तकी समाजशास्त्र सांगते. शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ' (१९८१) वाचणाऱ्याला हा हक्क कसा वसूल होत असे ते ठाऊक आहे. खरात आटपाडीचे, म्हणजे आमच्या माणदेशातलेच. तराळकीची कामे दिवसरात्र, सांगेल त्याची, सांगेल तेव्हा. मोबदला मात्र खळ्यावर उभे राहून मागायचा. मालकाचे मन झाले तर पदरात पडायचा. काम सक्तीचे आणि दाम मर्जीचा, अशी ही व्यवस्था होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. त्यात बलुत्याचे रोख पैशात रूपांतर करावे अशी मागणी होती. आपण वतनाविरुद्धचा हा लढा स्वाभिमानाचा लढा म्हणून सांगतो. तो तसा आहेच. पण त्या स्वाभिमानाचे हत्यार काय होते? मोजलेला, ठरलेला, कायद्याने बांधलेला पगार. स्वाभिमान म्हणजे काही न घेणे, असे बाबासाहेबांनी मानले नाही. जे घ्यायचे ते कोणाच्या मर्जीतून घ्यायचे नाही, असे मानले.

हे सांगावे लागते, कारण आमच्यातलेच काही कार्यकर्ते अलीकडे चर्चासत्रातल्या वक्त्यांचीच भाषा बोलू लागले आहेत. 'आम्हाला भीक नको, अनुदान नको.' ऐकायला बरे वाटते. बोलणारा बहुधा नोकरीत असतो. त्याचे शिक्षण शासनाच्या शिष्यवृत्तीवर झालेले असते. माझेही झाले. शिष्यवृत्ती घेताना मला भीक घेतल्यासारखे कधी वाटले नाही. उशिरा आली तेव्हा राग मात्र आला. राग येणे हे ती गोष्ट आपली असल्याचे लक्षण आहे. भीक उशिरा आली म्हणून कोणी रागावत नाही.

आता अण्णा भाऊ साठे यांच्याकडे वळतो. वारणेकाठचा वाटेगावचा हा लेखक आणि 'फकिरा' (१९५९) ही त्यांची कादंबरी. दुष्काळ पडतो, मांगवाड्यात माणसे उपाशी मरू लागतात, आणि फकिरा धान्य लुटतो. पुढे बेडसगावचा खजिना लुटतो. आपण या लुटीकडे पराक्रम म्हणून पाहतो, बंड म्हणून पाहतो. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. फकिराच्या आधी विष्णुपंत कुलकर्णी हे पात्र या माणसांना भुकेने मरू नका, जगा, असे सांगते. म्हणजे जगण्याचा अधिकार गावातल्या एका सज्जन माणसाच्या मनात आहे. तो कोणत्याही कायद्यात नाही. कायद्यात आहे ती हजेरी. मांगांनी दिवसातून पुन्हा पुन्हा हजेरी द्यायची आणि आपण गावातच आहोत, चोरी करायला गेलो नाही, हे सिद्ध करायचे. गुन्हेगार जमाती कायद्याच्या राज्यात सरकार या माणसांची रोज मोजणी करत होते. त्यांच्या चुलीची मोजणी करत नव्हते. ज्या राज्याला माणूस हजर आहे की नाही एवढे रोज कळते, त्याला तो उपाशी आहे हे कळत नव्हते असे म्हणता येणार नाही. 'फकिरा'तील लूट ही या हजेरीला दिलेले उत्तर आहे.

पण शासनाने बेकाराला काही द्यावे की नाही, या प्रश्नाचे मला सापडलेले सर्वांत भेदक विवेचन 'फकिरा'त नाही. ते 'स्मशानातील सोनं' या अण्णा भाऊंच्या कथेत आहे. भीमा वारणेकाठचा, अंगाने पहाड. पोटासाठी मुंबईला येतो आणि खाणीत दगड फोडतो. एक दिवस खाण बंद पडते. घरी बायको आहे, मुलगी आहे. हिंडताना स्मशानात त्याला राखेतले सोने सापडते आणि भीमा मढी उकरू लागतो. एका रात्री ताज्या मढ्यावरून कोल्ह्यांशी त्याची झुंज होते. सोने काढताना त्याची बोटे मढ्याच्या जबड्यात अडकतात. ती बोटे जातात. आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. समीक्षकांनी या कथेतील भयानकाची, कोल्ह्यांच्या वर्णनाची पुष्कळ तारीफ केली. मला शेवटची बातमी अधिक भयानक वाटते. खाण कायमची बंद पडलेली नव्हती. भीमा कामचुकार नव्हता. कामाला लावले तर तो डोंगर फोडणार होता. प्रश्न फक्त खाण बंद होणे आणि सुरू होणे यांच्यामधल्या दिवसांचा होता. त्या मधल्या दिवसांत कथेत कोण आहे? स्मशान आहे, कोल्हे आहेत, सोने विकत घेणारा बाजार आहे. राज्य नाही. अण्णा भाऊंनी राज्यावर एक शब्दही टीका केलेली नाही, आणि तरीही ही कथा राज्याच्या गैरहजेरीची कथा आहे. धडधाकट माणसाला शासनाने का द्यावे, असे विचारणाऱ्याने भीमाची बोटे मोजावीत. दगड फोडणारी बोटे गेली, त्यात नुकसान एकट्या भीमाचे झाले की खाणीचेही, हा हिशेब अर्थशास्त्र्यांनीच करावा.

चर्चासत्र संपल्यावर मी वेण्णा तलावाकडे गेलो. घोडेवाल्यांपैकी एकाशी बोलत उभा राहिलो. हंगाम अजून पंधरा दिवस, म्हणाला. मग पाऊस. पावसाळ्यात इथले सारे मिटते. जुन्या घरांच्या भिंतींना गवताचे आवरण घालतात, पॉइंट ओस पडतात, हॉटेलातली पोरे गावाला जातात. मी विचारले, मग घोड्याचे काय? तो म्हणाला, 'घोडं उभं असलं तरी खातंच की सर. त्याला काम न्हाई म्हनून चारा बंद करून चालतंय व्हय? पुढच्या हंगामाला कोन धावणार?' सभागृहातल्या प्रश्नाला सभागृहाबाहेर शे-दोनशे पावलांवर हे उत्तर मिळाले. त्याने स्वतःबद्दल काही सांगितले नाही. मीही विचारले नाही. भीमाच्या मधल्या दिवसांसारखे इथे वर्षातून चार महिने येतात. आणि त्या मुसळधारेत कोणी रस्त्याचे काम काढतो म्हटले तरी काढता येणार नाही. घटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाच्या अधिकाराबरोबरच बेकारी, वार्धक्य, आजार यांत सार्वजनिक साहाय्याचा अधिकारही सांगितलेला आहे, तो अशाच दिवसांसाठी. मात्र त्याच अनुच्छेदात राज्याच्या आर्थिक क्षमतेची मर्यादा घातली आहे. आणि हा भाग मार्गदर्शक तत्त्वांत असल्यामुळे त्यासाठी न्यायालयात जाता येत नाही. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी विचारले होते, की ज्याला काम नाही अशा माणसापुढे एका बाजूला कसलीही नोकरी आणि दुसऱ्या बाजूला भाषणस्वातंत्र्य, संघटनास्वातंत्र्य ठेवले, तर तो काय निवडील? बेकार माणसाचे मूलभूत हक्क भुकेच्या बाजारात गहाण पडतात, हे त्यांना दिसत होते. म्हणून बेकाराला आधार देणे हा त्यांच्या मते दयेचा विषय नव्हता. तो लोकशाहीचा विषय होता. घटनेत मात्र तो दुय्यम जागी गेला.

तो अनुच्छेद काही अंशी खरा करण्याचा पहिला मोठा प्रयत्न आपल्याच भागात झाला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात विसापूरला मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. १९७२ चा दुष्काळ आला आणि प्रयोगाचे धोरण झाले. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. १९७५ मध्ये शहरातल्या नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविण्यात आला. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. पंधरा दिवसांत काम द्यायचे, नाही दिले तर भत्ता द्यायचा. भत्ता होता दिवसाला निदान एक रुपया! रुपया हास्यास्पद होता. पण काम न दिल्याबद्दल सरकारला दंड बसू शकतो, ही कल्पना हास्यास्पद नव्हती. बलुते मागणाऱ्या माणसाच्या हातात प्रथमच असा कागद आला, की ज्यावर देणारा चुकीचा ठरू शकत होता.

माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होती. मिलो आणि सुकडी हे शब्द मी तिच्याकडूनच ऐकले. मिलोची लाल भाकरी घशाखाली उतरत नसे, असे ती म्हणे. पण त्या कामावर पाटलाची सूनही घमेले घेऊन रांगेत होती, हे सांगताना तिचा आवाज बदलत असे. कामावर पाण्याचे घडे वेगळेच राहिले, हेही तिने सांगितले. मस्टर मात्र एकच होते. 'फकिरा'तील हजेरी आणि हे मस्टर यांत किती अंतर आहे! शब्द तोच. तिथे माणूस हजर असल्याचा उपयोग त्याला धरण्यासाठी, इथे त्याला पैसे देण्यासाठी. दलित माणसाचे नाव सरकारी कागदावर चांगल्या कारणासाठी लागण्याची आमच्या घरातली ती पहिली वेळ. माझे शाळेतले नाव ही दुसरी. आमच्या आत्मकथनांत भूक आहे, दुष्काळ आहे, मेलेले ढोर आहे, येसकर पाळीची भाकरी आहे. मस्टर मात्र माझ्या वाचनात क्वचितच आले. आम्ही भिकेवर लिहिले, लुटीवर लिहिले. हमीवर लिहायचे राहून गेले. कदाचित विद्रोहाच्या भाषेला हमीचे काय करावे ते समजले नसेल.

मी या योजनेची आरती ओवाळतो आहे असा समज होऊ नये. माप घेणारा मापात मारत असे. मुकादम हजेरीत खोटी नावे घुसडत असे. त्याहून खोलवरची गोष्ट अशी, की दलित बाईने खणलेला पाझर तलाव ज्याच्या विहिरीला पाणी वाढवतो त्याची ती विहीर असते, आणि विहिरीला जमीन लागते. १९९० पासून योजनेच्या पैशातून फळबागा लावण्यास मदत मिळू लागली. बाग लावायला आधी शेत हवे. भूमिहीनाला मजुरी मिळाली आणि जमीनवाल्याला मजुरीतून झालेली वस्तू मिळाली. आमच्याकडच्या जनावरांच्या छावणीचेही तसेच. जनावर असेल त्याला छावणी. हा प्रश्न खानापूर तालुक्यातील मजुरांना आपल्या आधी कळला होता. १९८० च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीत त्यांनी विचारले, की आम्ही वर्षानुवर्षे नुसती खडीच का फोडायची, दुष्काळ जाईल असे काम का काढत नाही? त्यातून येरळा नदीवर बळीराजा स्मृती धरण उभे राहिले आणि पाणी भूमिहीनांसह सर्वांना समान, हे तत्त्व मांडले गेले. मदत मागणारा माणूस मदतीचा आराखडा मागू लागला, ही या दोन जिल्ह्यांतली मोठी वैचारिक घटना आहे. तिच्यावर एक चांगली कादंबरी व्हायला हरकत नव्हती.

केंद्राचा ग्रामीण रोजगार हमीचा कायदा २००५ मध्ये झाला; वर्षाला १०० दिवस. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला. दिवस १२५ केले. पण पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात एकूण ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूदही केली. कारण शेताला मजूर मिळावेत. हे कारण मला फार परिचयाचे वाटते. त्या ६० दिवसांत मजुराने कोणाच्या बांधावर जायचे, कोणत्या भावाने जायचे, हे ठरविण्याची ताकद कोणाकडे जाते? हमीचे खरे मोल सरकारी कामावर मिळणाऱ्या रुपयांत नव्हते. 'नाही येत जा, मला सरकारी काम आहे' असे मालकाला सांगता येण्यात होते. हंगामातच ते सांगण्याला किंमत असते. बिनहंगामात कोण बोलवायला येतो?

याच काळात दुसरी एक भाषा वाढत गेली. १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. मग श्रावणबाळ आली. २०२४ मध्ये लाडकी बहीण आली. दरमहा १५०० रुपये. पहिले पैसे रक्षाबंधनाच्या तोंडावर खात्यात पडले, आणि सगळीकडे ओवाळणी हा शब्द झाला. साहित्याच्या विद्यार्थ्याने ही नावे मोठ्याने वाचून पाहावीत. निराधार असल्याचा दाखला तलाठ्याकडून आणावा लागतो. श्रावणबाळ म्हणताच राज्य मुलगा होते. लाडकी बहीण म्हणताच ते भाऊ होते. ओवाळणी किती घालायची हे भाऊ ठरवतो. कमी घातली म्हणून बहीण कोर्टात जात नाही. आणि लाडकी कोण, नावडती कोण हे पडताळणीत ठरते. यादीतून अनेक बहिणी पुढे गळाल्याच. हमी मागायची असते. ओवाळणीची वाट पाहायची असते. खळ्यावर उभे राहण्याशी हिचे नाते हमीपेक्षा जवळचे आहे.

मी या पैशांना नाक मुरडत नाही. नाक मुरडण्याचा अधिकार मला नाही. माझ्या आईच्या नावावर तिच्या आयुष्यात प्रथमच दर महिन्याला काही येते आहे. पाठ धरली तर ती आठ दिवस कोणाच्या भांगलणीला जात नाही, आणि त्यासाठी माझ्याकडेही मागत नाही. माझ्याकडे मे-जूनमध्ये नसतातच. महाबळेश्वरच्या सभागृहात जे 'फुकट' म्हणून हिणवले जात होते ते हे आहे : अंग दुखत असताना घरी पडून राहण्याची मुभा. ती मुभा घटनेने सांगितली होती. ती द्यायला भावाचे सोंग का घ्यावे लागले, एवढाच माझा आक्षेप आहे.

२००३ चा दुष्काळ होता तेव्हा मी शाळेत होतो. आई बंडिंगच्या कामावर जात होती. सहा आठवडे पगार झाला नाही. तेव्हा वाड्यातल्या आणि गावातल्या मिळून तीसेक बाया पायी तालुक्याला गेल्या आणि कचेरीच्या दारात बसल्या. मी आईबरोबर होतो. साहेब बाहेर आले, आत गेले, पुन्हा बाहेर आले. संध्याकाळी पगार झाला. येताना बाया गाणी म्हणत होत्या.

गेल्या वर्षी दोन महिने तिच्या खात्यात पंधराशे आले नाहीत. मी म्हटले, चौकशी करू, अर्ज करू, मी लिहून देतो. ती म्हणाली, 'नगं. कशाला कुनाच्या दारात जायाचं?'

मी म्हटले, 'तवा तर कचेरीच्या दारात दिवसभर बसली हुतीस.'

'तवाचं येगळं,' ती म्हणाली. 'ती आमची हजेरी हुती.'